मॉर्फिन आहे, कायदाही आहे. शिकलेला डॉक्टर हवा

कोकणातला कॅन्सरचा पेशंट उपचाराला मुंबईला जातो. तळकोकणातला असेल तर बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला. ऑपरेशन, किमो, शेक (म्हणजे रेडिएशन), सगळं बाहेरच होतं. ‘आता घरी न्या’ असं सांगितल्यावर मात्र तो आपल्या वाडीत परत येतो, आणि आजाराचा सगळ्यात दुखरा काळ तिथंच काढतो. त्या काळात त्याला भेटणारा डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, नाहीतर तालुक्याच्या बाजारपेठेतला दवाखाना चालवणारा. वेदना मोजून, हिशेबानं, न घाबरता आणि न घाबरवता उतरवायचं काम या माणसाकडे येतं. नेमकं तेच त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गंभीर आजाऱ्यांच्या वेदनेचा प्रश्न आता मुख्यतः औषधाचाही नाही आणि कायद्याचाही नाही. तो प्रशिक्षणाचा आहे. आणि प्रशिक्षण म्हणजे जिल्ह्याच्या सभागृहातलं दिवसभराचं व्याख्यान आणि संध्याकाळी वाटलेलं प्रमाणपत्र नव्हे. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली स्वतः डोस लिहिणं, दुसऱ्या दिवशी तो वाढवणं, जास्त झाला तर ओळखून कमी करणं, हे हाताला वळण लागेपर्यंत करणं म्हणजे प्रशिक्षण. यासाठी लागणारा पैसा थोडा आहे. लागणारी चिकाटी मात्र बरीच आहे.

डॉक्टर मॉर्फिनला, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूजन्य औषधाला, घाबरतात, आणि या भीतीला कारण आहे. 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा आला, त्यातल्या शिक्षा कडक होत्या, आणि इस्पितळांना मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने लागायला लागले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही. इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 1985 ते 1997 या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घटला. 1997 मध्ये सगळ्या भारतात मिळून तो 18 किलोवर आला होता. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करणारा, कायदेशीर अफू निर्यात करणारा हा देश. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं काढलेल्या हिशेबात भारतातल्या गरजूंना लागणाऱ्या वेदनाशामक अफूजन्य औषधांपैकी जेमतेम 4 टक्के त्यांच्यापर्यंत पोचत होती.

त्या बारा वर्षांत आणि त्यानंतरच्याही बऱ्याच काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी वॉर्डात मॉर्फिनची गोळी पाहिलीच नाही. आज तेच शिक्षक आहेत. न पाहिलेलं औषध ते विद्यार्थ्यांना कसं शिकवणार? 2014 साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली गेली. ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हायचं तर आता राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाची, एकच मान्यता पुरते. तिची एक मुख्य अट अशी की संस्थेत वेदनाशमनाचं आणि उपशामक सेवेचं (म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याचं) प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नेमलेला असावा. म्हणजे कायद्यानंच दार उघडून किल्ली प्रशिक्षणाच्या हातात दिली आहे. शिकलेला डॉक्टर नाही, म्हणून मान्यता नाही. मान्यता नाही, म्हणून गोळी नाही. आणि गोळीच नाही तर शिकून काय करायचं, असं हे फिरतं. कुठून तरी ते तोडायचं तर शिकण्यापासूनच तोडावं लागेल.

एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात वेदना आणि उपशामक सेवा आहे हे खरं. पण भूलशास्त्राच्या भागात विद्यार्थ्याकडून अपेक्षा आहे ती अंतिम अवस्थेतल्या रुग्णाच्या वेदनाशमनाची तत्त्वं सांगता येण्याची. तत्त्वं सांगता येणं आणि रात्री नऊ वाजता किंचाळणाऱ्या माणसासाठी डोस ठरवता येणं यात मोठं अंतर आहे.

हे अंतर आपल्याकडे सध्या कशानं भरलं जातं? डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाच्या सुईनं. कोकणात सुई मारल्याशिवाय औषध दिल्यासारखं वाटत नाही, पेशंटलाही आणि बऱ्याच डॉक्टरांनाही. हाडांना कातडी चिकटलेल्या माणसाच्या कंबरेत रोज 75 मिलिग्रॅमची सुई टोचली तर ती जागा सुजते, गळू होतं, औषध धड शोषलं जात नाही. पोटात व्रण होतो, आणि पाणी कमी प्यायलेल्या माणसाची किडनी पहिल्या आठवड्यातच मान टाकू शकते. डायक्लोफिनॅक पुरेनासं झालं की पेंटाझोसिन येतं. त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यानं माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि आधीपासून मॉर्फिन चालू असेल तर ते मॉर्फिनलाच खाली खेचतं. पेथिडीन तीनेक तासांत उतरतं आणि वारंवार दिलं तर त्याच्या साचलेल्या घटकानं झटके येतात. ट्रॅमाडॉल चांगलं आहे, पण दिवसाला 400 मिलिग्रॅमवर नेता येत नाही, आणि 2018 पासून तेही त्याच कायद्याखाली आलं आहे. तरीही डॉक्टर ट्रॅमाडॉल बिनदिक्कत लिहितो आणि मॉर्फिनला हात लावत नाही. सवयीखेरीज याला दुसरं कारण मला दिसत नाही.

आता शिकवायचं काय? पुढं काही आकडे देतो आहे. ते डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल बोलण्यासाठी आहेत, घरात वापरून बघण्यासाठी नाहीत.

पहिला धडा विचारण्याचा. मालवणी मुलखात म्हाताऱ्या माणसाला ‘कसां आसा?’ म्हटलं की ‘बरां आसा’ हेच उत्तर येणार. डॉक्टरला दुखणं सांगणं म्हणजे त्याच्याकडे तक्रार करणं, असा संकोच असतो. म्हणून नेमकं विचारायचं. काल रात्री किती वाजता जाग आली? कूस बदलताना काय होतं? घास गिळताना? शून्य ते दहा हे माप तरुणांना कळतं. ज्यांच्या बोलण्यात अजून आणे आहेत त्यांना ‘रुपयात किती आणे दुखतं?’ असं विचारलं तर ते ताबडतोब सांगतात, ‘बारा आणे’, आणि दुसऱ्या दिवशी ‘आठ आण्यांवर आलं’. सोळा आण्यांचं माप शून्य ते दहाइतकंच कामाचं आहे. अट इतकीच की पेशंटच्या कागदावर रोज तेच एक माप वापरायचं. बोलू न शकणाऱ्याच्या बाबतीत कपाळावरच्या आठ्या, आवळलेली मूठ आणि अंग पुसताना दिलेला प्रतिसाद पाहायचा.

मग दुखण्याची जात ओळखायची. ठणका असेल, विशेषतः रात्री वाढणारा आणि बोट ठेवून दाखवता येणारा, तर हाडाचा विचार करायचा. आग, चमक, मुंग्या, नुसतं पांघरूण लागलं तरी भाजल्यासारखं होणं हे नसेचं. त्याला मॉर्फिनच्या जोडीला रात्री 10 ते 25 मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन लागतं. येऊन जाऊन येणारी पोटातली कळ बऱ्याचदा नुसत्या साचलेल्या मळाची असते, आणि तिथं मॉर्फिन वाढवलं तर कळ वाढते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोन दिवसांत अचानक दुखणं दुप्पट झालं, चेहरा सुजला, वास वाढला तर गाठ वाढली असं न धरता आधी जंतुसंसर्ग धरायचा आणि प्रतिजैविक व मेट्रोनिडॅझोल सुरू करायचं. हाडात पसरलेल्या कॅन्सरला शेकाची एकच मात्रा, 8 ग्रे (ग्रे हे शेकाचं माप), अनेकांना मोठा आराम देते; मुंबईला पुन्हा एक खेप करण्यासारखी ती गोष्ट आहे. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जायला लागली, लघवी तुंबली, तर तो मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आहे. डेक्सामेथासोन देऊन त्याच दिवशी पेशंट हलवायचा. उद्यावर टाकलं तर माणूस उरलेलं आयुष्य लुळा राहू शकतो. ही शंका यायला एमआरआय लागत नाही, तालुक्याच्या डॉक्टरला ते हातानं आणि कानानं कळू शकतं.

मॉर्फिनचा हिशेब एका उदाहरणावर मांडतो. गुहागरकडची साठीतली बाई धरा. मिश्रीची जुनी सवय, गालाचा कॅन्सर, तोंड एका बोटापलीकडे उघडत नाही, नाकातून नळी आहे. पॅरासिटामॉल चालू आहे तरी दुखणं बारा आणे. जागतिक आरोग्य संघटना 1986 पासून सांगत आली ते इथं लावायचं: औषध शक्यतो तोंडावाटे, इथं नळीवाटे, आणि दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे. साध्या मॉर्फिनचा परिणाम अर्ध्या तासात सुरू होतो आणि साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 या वेळांना 5 मिलिग्रॅम, आणि रात्री 10 वाजता दुप्पट, म्हणजे 10, म्हणजे पहाटे दोनला कुणाला उठावं लागत नाही. दिवसाचे झाले 30. मध्येच कळ आली तर जादा डोस म्हणून दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा हिस्सा, म्हणजे आणखी 5, द्यायचा आणि वहीत वेळेसकट लिहायचा. फार म्हातारं, क्षीण माणूस असेल तर सुरुवात अडीचनं.

दुसऱ्या दिवशी वहीत दिसतं की तिला चार जादा डोस लागले. 30 आणि 20 मिळून 50. त्याचे सहा भाग केले की आठच्या आसपास येतं. सावध डॉक्टर साडेसातवर थांबेल. आता गोळी 10 मिलिग्रॅमची. पाऊण गोळी कापता येत नाही. मग एक गोळी 10 मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, ढवळायची, सिरिंजनं साडेसात मिलिलिटर नळीतून द्यायचं, मागून पाणी ढकलून नळी साफ करायची, आणि उरलेलं अडीच मिलिलिटर टाकून द्यायचं. नेमक्या याच जागी नवशिक्या डॉक्टरचा हिशेब चुकतो. तो म्हणतो, दिवसाला 45 मिलिग्रॅम म्हणजे साडेचार गोळ्या, चार आठवड्यांच्या 126. प्रत्यक्षात दर डोसला अख्खी गोळी खर्ची पडते, रात्रीच्या दुप्पट डोसला दोन, म्हणजे सहा. त्यात रोजचे तीन जादा डोस धरले की नऊ. 126 गोळ्या चौदाव्या दिवशी संपतात. घरच्यांवर ‘एवढ्या गोळ्या गेल्या कुठं?’ असा संशय येतो आणि बाई पुन्हा ठणक्यात पडते. हा हिशेब कुठल्याही व्याख्यानात येत नाही. तो नळी हातात धरल्यावरच कळतो.

गोळ्यांची गंमत इथं संपत नाही. साधी आणि सावकाश विरघळणारी, दोन्ही प्रकारची 10 मिलिग्रॅमची गोळी बाजारात आहे. सावकाश विरघळणारी कुटून नळीतून दिली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. म्हणून चिठ्ठीवर ‘गोळी एक’ असं कधीच लिहायचं नाही. औषधाचं नाव, साधी की सावकाश, मिलिग्रॅम, वेळा आणि एकूण गोळ्या अंकात व अक्षरात.

पहिल्या चिठ्ठीवरच रेचक असलं पाहिजे. मळमळ पाच-सात दिवसांत जाते, गुंगी दोन-तीन दिवसांत. बद्धकोष्ठता कधीच जात नाही. तिच्यावर घरचा उपाय इसबगोल. दिवसाला दोन ग्लासही पाणी न पिणाऱ्याच्या आतड्यात इसबगोल लगद्यासारखं बसतं आणि अडथळा पक्का करतं. रात्री बिसाकोडिलच्या 5 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, लागलं तर सेना (सोनामुखी), आणि तीन दिवस शौचाला झालं नाही तर बोटानं तपासणी. कडक मळाच्या कडेनं पातळ पाणी झिरपतं, त्याला जुलाब समजून थांबवायचं औषध देणारेही आहेत. मळमळीसाठी पहिला आठवडा मेटोक्लोप्रमाइड किंवा रात्री हॅलोपेरिडॉलचा लहान डोस.

माणसं मॉर्फिन सोडतात ती व्यसनाच्या भीतीनं कमी, आणि पोट न साफ होण्यानं जास्त. एवढं एकच वाक्य प्रत्येक आशाताईच्या डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

सुरक्षितपणाचा खरा कस लागतो तो किडनीपाशी. मॉर्फिनचे घटक लघवीवाटे बाहेर जातात. मे महिन्याचा उकाडा, गिळता येत नसल्यानं पाणी कमी, वर कुणीतरी डायक्लोफिनॅक चालू ठेवलेलं. लघवी कमी होते, आणि कालपर्यंत सोसलेला डोस आज साचायला लागतो. हातपाय दचकतात, पेशंट हवेत काहीतरी पकडतो, कोपऱ्यात माणसं दिसतात म्हणतो. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते, मग गाऱ्हाणं घातलं जातं. डॉक्टरला वाटतं दुखणं वाढलं, तो डोस आणखी वाढवतो. दोन्हीकडून उशीर होतो. प्रशिक्षित परिचारिका आधी एकच प्रश्न विचारेल: चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली? मग डोस कमी करायचा, दोन डोसमधलं अंतर वाढवायचं, पाणी द्यायचं, डायक्लोफिनॅक बंद करायचं. डायलिसिसवरच्या पेशंटला मॉर्फिन सुरूच न करता फेंटानिलकडे वळायचं.

पण फेंटानिलचा कातडीवर चिकटवायचा पॅचही आंधळेपणानं लावायचा नाही. ताशी 25 मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे दिवसाचं 60 ते 90 मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिन. आधी अफूजन्य औषध न घेतलेल्याला तो लावला तर श्वास मंदावू शकतो. तो चढायला बारा ते चोवीस तास लागतात, म्हणून तोवर जुनं औषध सुरू ठेवावं लागतं. काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध बराच वेळ उतरत राहतं. आणि ताप, गरम पाण्याची पिशवी किंवा तापलेल्या पत्र्याखालची दुपार यांनी औषध जास्त वेगानं आत जातं. कोकणात हा मुद्दा तळटीपेत टाकण्यासारखा नाही.

श्वास थांबण्याच्या भीतीबद्दलही नीट सांगितलं पाहिजे. हिशेबानं वाढवलेल्या तोंडी मॉर्फिनमध्ये तसं क्वचित होतं, आणि होण्याआधी माणूस जास्त जास्त गुंगत जातो. ती गुंगी पाहायला शिकणं हीच पहिली सुरक्षा. झोपेच्या गोळ्या आणि गॅबापेंटिन सोबत असतील तर धोका वाढतो. हाक मारून, हलवूनही जागा होत नाही आणि मिनिटाला श्वास आठाच्या खाली, तर मॉर्फिनवरचा उतारा, नॅलोक्झोन: 400 मायक्रोग्रॅमचं ॲम्प्यूल 10 मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळायचं आणि दर दोन मिनिटांनी अर्धा ते एक मिलिलिटर शिरेतून, श्वास सुधारेपर्यंत. माणूस टक्क जागा होईपर्यंत नव्हे. अख्खं ॲम्प्यूल एकदम ढकललं तर सगळी वेदना एका क्षणात परत येते. नॅलोक्झोन मॉर्फिनच्या आधी उतरतं, म्हणून नंतरचे काही तास पेशंटजवळ बसावं लागतं. हे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरनं स्वतः सिरिंज भरून, मोजून करून दाखवलं पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: गोळ्या बाहेर गेल्या तर? अमेरिकेत काय झालं ते माहीत आहे ना? माहीत आहे. तिथं 1996 नंतर सावकाश विरघळणारं ऑक्सिकोडोन साध्या पाठदुखीलाही, जाहिरातबाजी करून, मोजमापाशिवाय वाटलं गेलं. तो इशारा आहेच, आणि मी त्याला हलकं लेखत नाही. पण त्याचा अर्थ असा की कुणाला द्यायचं, किती, किती दिवस, आणि उरलेलं कुठं जातं हे शिकवलं पाहिजे. केरळातल्या कोझिकोडच्या उपशामक सेवा केंद्रानं दोन वर्षांत 1,723 पेशंटना घरी तोंडी मॉर्फिन दिलं आणि त्यात गैरवापराचं किंवा चोरवाटेचं एकही प्रकरण आढळलं नाही, हे 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आहे.  आपल्याकडेही घरात कुलपाचा डबा, एकच जबाबदार माणूस, वही, आणि मृत्यूनंतर उरलेल्या गोळ्या केंद्रात परत, एवढी शिस्त आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी सहज पाळू शकतात. मॉर्फिनची चिठ्ठी त्यांनी लिहायची नाही. पण वही तपासणं, पोटाची आणि लघवीची चौकशी, गुंगीवर नजर, हे काम डॉक्टरपेक्षा त्यांच्याच हातून नियमित होईल.

कोकणपट्टीच्या दोन्ही टोकांना या कामाची परंपरा आहे. वांद्र्याला 1986 साली देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची काळजी घेणारं केंद्र, उभं राहिलं, शांती आवेदना सदन. त्याचीच शाखा गोव्यात लोटलीला आहे. परळच्या टाटा रुग्णालयात 2012 पासून उपशामक वैद्यकाचं एमडी शिकवलं जातं, आणि टाटांचंच खारघरचं केंद्र तर रायगड जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारनं राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आणला. अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. शिकवणारे आणि शिकायच्या जागा, दोन्ही हाताशी आहेत, जोडणी नाही.

ती जोडणी अशी व्हावी असं मला वाटतं. एकेक डॉक्टर पाठवू नये. बंधपत्रावर आलेला वैद्यकीय अधिकारी वर्षभरात निघून जातो, आणि नेमलेला प्रशिक्षित डॉक्टर गेला की संस्थेकडच्या गोळ्या कपाटात कुलूपबंद पडून राहतात. म्हणून दापोली, कामथे, कळंबणी, कणकवली, सावंतवाडी अशा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातून दोन डॉक्टर, दोन परिचारिका आणि औषधनिर्माता अशी पाच जणांची तुकडी एकत्र शिकावी. औषधनिर्मात्याला बहुतेक प्रशिक्षणांत कुणी बोलवत नाही, आणि नोंदवहीत एका गोळीचा फरक आला की सगळ्यात आधी घाम फुटतो तो त्याला. दुहेरी कुलूप, रोजची शिल्लक, फुटलेल्या गोळीची नोंद, साठा किती उरला की मागणी पाठवायची, हे त्याला येत असेल तरच डॉक्टर निर्धास्तपणे लिहील.

आधी तीन दिवस पाया. मग दहा दिवस चालत्या केंद्रात, त्यातले निम्मे घरभेटीत. कारण इस्पितळाच्या खाटेवर ठरवलेली वेळापत्रकं कोकणातल्या घरात, जिथं दुपारी सगळे कामावर असतात आणि औषध द्यायला आठवीतली नात असते, तिथं टिकत नाहीत. आणि मग खरा भाग: पुढचे सहा महिने आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तासभर, प्रत्येक तुकडीनं आपला चालू पेशंट मांडायचा आणि अनुभवी डॉक्टरांनी त्यावर बोलायचं. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अमली पदार्थ कायद्याखालची औषधं व्हिडिओवरून पेशंटला लिहून देता येत नाहीत. पण डॉक्टरनं डॉक्टरला सल्ला द्यायला त्यात आडकाठी नाही. त्यामुळे परळहून थेट देवगडच्या पेशंटला गोळी मिळणार नाही. परळच्या सल्ल्यानं देवगडचा डॉक्टर ती लिहू शकतो. दूरवरून शिकवण्याचा कोकणाला खरा उपयोग इथं आहे.

परीक्षा पर्यायी प्रश्नांची नको. एक चिठ्ठी लिहून दाखवा, तोंडी मॉर्फिनचं शिरेतल्या मॉर्फिनमध्ये रूपांतर करा, म्हणजे तिसरा हिस्सा, नॅलोक्झोन भरा, नोंदवहीचं पान पूर्ण करा, आणि ‘मॉर्फिन दिलं म्हणजे आता शेवट आला का?’ असं विचारणाऱ्या मुलाशी दहा मिनिटं बोलून दाखवा. हा शेवटचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, उरलेल्या दिवसांवर नाही. शेकानं आराम पडला तर ते टप्प्याटप्प्यानं कमीही करता येतं, एकदम मात्र थांबवायचं नाही. हे सोप्या शब्दांत सांगता येत नसेल त्या डॉक्टरला प्रमाणपत्र देऊ नये, अशा मताचा मी आहे.

प्रशिक्षण संपलं त्याच आठवड्यात मान्यतेचा अर्ज गेला पाहिजे आणि पहिला साठा आला पाहिजे. शिकल्यावर वर्षभर गोळी हातात आली नाही तर शिकलेलं विसरतं आणि भीती परत येते. जिल्हा शल्यचिकित्सकांनी तारखा ठरवताना प्रशिक्षणाची आणि पुरवठ्याची तारीख एकाच कागदावर लिहावी.

पावसाळ्याचं वेगळं बोलावं लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड, खाडीला पूर, 2021 च्या जुलैसारखं चिपळूण पाण्याखाली. अशा वेळी दोन आठवड्यांच्या गोळ्यांवर बसलेला पेशंट अडकतो. अचानक औषध तुटलं की वेदनेच्या जोडीला घाम, थरथर, जुलाब, बेचैनी सुरू होते, आणि ते पाहून ‘बघा, व्यसन लागलं’ असं म्हटलं जातं. ते व्यसन नाही, आमचा पुरवठा चुकला. मेच्या अखेरीस प्रत्येक तुकडीनं आपल्या नोंदीतल्या पेशंटची यादी काढावी, वर सांगितला तसा प्रत्यक्ष खर्ची पडणाऱ्या गोळ्यांचा हिशेब करावा, आणि पाण्यानं तुटणाऱ्या वाड्यांना नियमात बसेल तेवढा जास्तीत जास्त साठा आधीच पोचवावा.

हे चाललं आहे की नाही ते कसं कळणार? किती डॉक्टर प्रशिक्षित झाले हा आकडा विचारू नये. तो नेहमी चांगलाच येतो. विचारावं ते असं: गेल्या वर्षी जिल्ह्यात मॉर्फिनच्या किती गोळ्या पेशंटच्या हातात पडल्या, किती घरांत, किती दिवस साठा शून्यावर होता, मॉर्फिनच्या किती चिठ्ठ्यांवर रेचक होतं, आणि दुखतं म्हणून आलेल्या माणसाला पहिली गोळी किती दिवसांनी मिळाली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत कुणीही सदस्य हे पाच प्रश्न लेखी विचारू शकतो, आणि उत्तरं औषधनिर्मात्याच्या वहीत आणि पेशंटच्या कागदांत सापडतात.